नऊच्या आत खिंड: एप्रिल-मेच्या हिमालयात बर्फाचा उतार कसा ओळखायचा

शाळांच्या परीक्षा संपतात आणि पुण्या-मुंबई-नाशिकचे ट्रेकर हिमालयाकडे निघतात. थंडी ओसरलेली असते, दिवस मोठा असतो, आकाश बहुतेक निळं असतं. त्यामुळे ‘जानेवारीपेक्षा मे बरा’ असं आपण धरून चालतो. थंडीपुरतं ते खरं आहे. बर्फापुरतं नाही. भर हिवाळ्यातला बर्फ दिवसभर जवळपास एकाच तब्येतीचा असतो. वसंतातला बर्फ सकाळी सहाला एक असतो, अकराला दुसरा आणि दुपारी दोनला तिसराच.

आमच्या गटाला हे एकदा चांगलंच कळलं. हिमाचलच्या पार्वती खोऱ्यातली खिंड, मेचा पहिला आठवडा. गाईडनं पहाटे चारला निघायचं बजावलं होतं. कुणाचा गेटर (बर्फ आत जाऊ नये म्हणून बुटावरून पोटरीवर चढवायचं आवरण) सापडेना, कुणाला चहा गरम करून हवा होता, दोघांचे डबे भरायचे राहिले होते. निघालो सहा-वीसला. खिंडीखालच्या आडव्या उतारापाशी पोचलो तेव्हा साडेनऊ होऊन गेले होते. पुढच्या माणसाचा पाय आधी घोट्यापर्यंत रुतला, वीस पावलांनी पोटरीपर्यंत, मग गुडघ्यापर्यंत. वरून संत्र्याएवढे बर्फाचे गोळे सुटून, मागे रेघ ओढत, घरंगळत येत होते. आम्ही त्यांचे व्हिडिओ काढत होतो. गाईड गप्प झाला होता. त्यानं तिथूनच सगळ्यांना मागे फिरवलं आणि आमची बोलणी ऐकून घेतली. दुपारी जेवताना समोर पाहिलं तर त्याच उताराचा अर्धा भाग खाली निघालेला. ट्रकमधून वाळू ओतावी तसा आवाज, फक्त संपता संपेना. त्यानंतर डब्यांबद्दल कुणी बोललं नाही.

तेव्हापासून माझं एक वेळापत्रक ठरलेलं आहे: नऊच्या आत खिंड, अकराच्या आत मोठ्या उतारांखालून बाहेर. हा काही कायदा नाही. ढगाळ रात्रीनंतर सकाळी सातही उशिरा ठरतात. पण आपल्याकडच्या हौशी गटांना धोका बहुतेक वेळा उशिरामुळे होतो, म्हणून या लेखात जे सांगायचं आहे त्याचा निम्मा भाग घड्याळाचाच आहे.

आधी बर्फात काय चाललंय ते समजून घेऊ

समुद्रकिनाऱ्यावर वाळूचा किल्ला केला असेल तर निम्मं शास्त्र तुम्हाला माहीत आहे. कोरड्या वाळूचा किल्ला होत नाही. जरा ओलसर वाळूचा छान होतो. पाणी जास्त झालं की तोच किल्ला बसकण मारतो. वसंतातल्या बर्फाचं असंच असतं. दिवसा वरचा थर वितळतो, पाणी कणांमध्ये शिरतं, रात्री ते गोठतं आणि कण एकमेकांना जखडले जातात. पहाटे या कवचावर बुटाचा ठसासुद्धा धड उमटत नाही. ऊन आलं की आधी एक-दोन सेंटिमीटर मऊ होतं, तेव्हा चालायला सगळ्यात मजा येते. पुढे पाणी खोल उतरत जातं, कणांमधली पकड सुटते आणि अख्खा उतार ओल्या वाळूसारखा होतो. तो स्वतःच्या वजनानं सुटू शकतो, त्याला आपला पाय लागायची गरज नसते.

याच्या खाली आणखी एक भानगड दडलेली असू शकते. हिवाळ्याच्या सुरुवातीला थोडाच बर्फ पडून मग कडक थंडी पडली, तर जमिनीलगतचा बर्फ शून्याच्या आसपास राहतो आणि वरचा खूप थंड होतो. एका मीटरच्या जाडीत दहा अंशांहून जास्त फरक पडला की खालच्या कणांचं रूप बदलतं. ते जाड साखरेसारखे सुटे, खळखळणारे होतात. हातात घेतले तर गोळा वळत नाही. यावर जानेवारी-फेब्रुवारीचे थर बसत जातात. घराचा स्लॅब टाकावा आणि खाली खांबांऐवजी साखरेची पोती असावीत, तशी ही रचना असते. वसंतात वितळलेलं पाणी पहिल्यांदा या साखरेपर्यंत झिरपतं, तेव्हा वरचा स्लॅब अख्खाच्या अख्खा निघतो. म्हणून हंगामातली पहिली मोठी उष्णता वाईट. चार-पाच दिवस सलग तापल्यावर जे सुटायचं ते बरंचसं सुटून गेलेलं असतं.

कुठल्या भागात जाताय यावरही बरंच ठरतं. पीर पंजालची रांग, म्हणजे मनाली, गुलमर्ग, रोहतांगचा दक्षिणेकडचा अंग: इथे बर्फ भरपूर, तुलनेनं उबदार, आणि वसंतात ओली हिमस्खलनं जास्त. रांग ओलांडून लाहौल-स्पिती किंवा लडाखकडे गेलात की बर्फ कमी आणि थंडी जास्त, म्हणजे साखरेच्या थराची शक्यता वाढते. बर्फ कमी म्हणून धोका कमी, हा हिशेब तिथे चालत नाही.

पायरी पहिली: घरी बसून

पहिली चौकशी मागच्या दहा दिवसांची करा. पश्चिमी विक्षोभ, म्हणजे पश्चिमेकडून येणारी पाऊस-बर्फाची वादळं, मार्च-एप्रिलमध्येही येत राहतात, आणि जुन्या टणक बर्फावर तीस-चाळीस सेंटिमीटर ताजा बर्फ बसला तर एप्रिलमध्येही पुन्हा जानेवारीचेच नियम लागू होतात. वादळानंतरचे पहिले दोन दिवस, आणि नंतरचं पहिलं कडक ऊन, या वेळा टाळायच्या. बेस कॅम्पला पोचल्यावर आदल्या दिवशी निळं आकाश दिसलं की सगळे खूष होतात. मी त्याच दिवशी सगळ्यात जास्त प्रश्न विचारतो.

आपल्याकडे हिमस्खलनाचा इशारा डीआरडीओची चंदीगडची डीजीआरई ही संस्था देते. १९६९ साली मनालीत सुरू झालेल्या सासे या संस्थेचं काम २०२० नंतर तिच्याकडे आलं. इशाऱ्यात जिल्हा, अमुक मीटरच्या वर आणि धोक्याची पातळी असं येतं. बातम्यांमध्ये ‘चमोलीत २४०० मीटरच्या वर लेव्हल ३’ असं जे वाचतो ते हेच. लक्षात घ्या, हा इशारा अख्ख्या जिल्ह्यासाठी असतो. तुमच्या वाटेवरचा तो एक उतार त्यात कुठे बसतो, हे तुम्हालाच शोधायचं आहे. आकडा किती यापेक्षा तो कालपासून चढतोय की उतरतोय, हे आधी बघा.

ट्रेक नेणाऱ्यांना तीन प्रश्न विचारा. खिंडीच्या दिवशी किती वाजता निघणार? परत फिरायची ठरलेली वेळ काय? तुमच्याकडे फावडी आणि प्रोब (गाडलेला माणूस शोधायला बर्फात खुपसायची लांब सळई) किती आहेत? तिसऱ्या प्रश्नावर ‘अहो, आपला रूट सेफ आहे’ असं उत्तर आलं तर फोन ठेवून दुसरीकडे चौकशी करा. मी केलेली आहे.

अमेरिकेतला भाऊ प्रेमानं गार्मिनचं उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र देत असेल तर घेऊन निघू नका. दूरसंचार विभागाच्या परवानगीशिवाय भारतात उपग्रह संपर्काची यंत्रं बाळगणं बेकायदा आहे, आणि अशा यंत्रांवरून परदेशी पर्यटकांना विमानतळावर अडवल्याच्या घटना झालेल्या आहेत.

पायरी दुसरी: आदल्या रात्री तंबूबाहेर

उद्याचं बर्फ कसं असेल हे रात्री साडेनऊला आणि उठल्यावर पुन्हा आकाशाकडे बघून बरंच कळतं. चांदण्या स्पष्ट दिसत असतील तर बर्फाचा पृष्ठभाग आपली उष्णता आकाशाकडे सोडतो आणि हवा शून्याच्या दोन-तीन अंश वर असली तरी चांगला गोठतो. ढग असतील तर ते गोधडीसारखं काम करतात आणि कवच धरतच नाही. वरच्या उंचीवर रात्री पाऊस लागला असेल तर विषय संपला, उद्या तो उतार नाही.

अंदाजासाठी एक सोपं गणित. दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. मनाली २०५० मीटरवर आहे. तिथे पहाटे १० अंश असतील तर शून्य अंश साधारण ३६०० मीटरवर येतं. तुमची खिंड ४२०० मीटरवर असेल तर वर गोठेल, पण ३४०० मीटरवरचा उतार ढगाळ रात्री ओलाच राहील, आणि परत येताना तोच तुम्हाला दुपारी लागणार आहे.

मग वेळ उलटी मोजा. सगळ्यात वाईट उतार कुठला, तो किती वाजता मागे पडायला हवा, तिथपर्यंत पोचायला गटातल्या सगळ्यात हळू माणसाला किती तास लागतील, त्यात एक तास धुसफुशीचा. जे उत्तर येईल ती निघायची वेळ. सर पासच्या वाटेवर नगारूच्या मुक्कामावरून पहाटे तीन-चारला काढतात ते यामुळेच. गेटर रात्रीच चढवून झोपा. डबा उशाशी ठेवा. चहा थर्मासमध्ये.

ऊन कुठून फिरतं तेही नकाशावर बघून ठेवा. पूर्वेकडे तोंड असलेल्या उतारांवर साडेसहा-सातलाच ऊन येतं, ते सगळ्यात आधी सुटतात. दक्षिणेकडचे मध्यान्हीला, पश्चिमेकडचे दुपारी. उत्तरेचे उशिरा पिकतात. पण आपल्या अक्षांशावर एप्रिल-मेचा सूर्य इतका उंच येतो की उत्तरेचा उतारही दुपारी तापतो. ‘नॉर्थ फेस आहे, काही होत नाही’ हे युरोपातल्या जानेवारीचं ज्ञान इथे मेमध्ये वापरू नये.

पायरी तिसरी: काठीवर टेप लावा

हिमस्खलनं बहुतेक ३० ते ४५ अंशांच्या उतारावर सुटतात. त्याहून सपाट जागी बर्फ सहसा धरून राहतो, फार उभ्या जागी तो साठतच नाही. आपल्या बिल्डिंगचा जिना साधारण ३० अंशांचा असतो. म्हणजे जिन्याएवढा उतार दिसला की सावध व्हायचं. डोळा मात्र फसवतो: वरून बघताना उतार जास्त उभा वाटतो, समोरून बघताना कसाही वाटतो. म्हणून मोजा.

फोनमध्ये कोन दाखवणारं अ‍ॅप असतं, पण थंडीत बॅटरी बसते आणि हातमोजे काढावे लागतात. त्यापेक्षा दोन काठ्या बऱ्या. दोन्ही १२० सेंटिमीटरवर ठेवा. एका काठीवर टोकापासून ७० सेंटिमीटरवर लाल इन्सुलेशन टेप गुंडाळा, ८४ वर दुसरी पट्टी, १०० वर तिसरी. उतारावर ही काठी सरळ उभी धरा, टोक बर्फावर फक्त टेकलेलं, रुतवायचं नाही. दुसरी काठी आडवी, ओळंब्याला काटकोनात, तिचं टोक चढाकडच्या बर्फाला टेकवा. तिचा दुसरा शेवट उभ्या काठीला कुठे लागतो ते बघा. ७० च्या पट्टीवर म्हणजे ३० अंश. ८४ वर ३५. १०० वर ४०. अगदी वरच्या टोकाला लागली तर ४५. ७० च्या पट्टीच्याही खाली राहिली तर उतार तिशीच्या आत आहे. हे अर्थातच उताराच्या सुरक्षित काठावर करायचं, मधोमध जाऊन नाही. घरी निघण्याआधी सोसायटीच्या जिन्यावर दोन-चारदा करून बघा. वॉचमन विचारेल काय चाललंय, सांगा त्याला.

इथे एक चूक सर्रास होते. माणूस पायाखालचा उतार मोजतो. पायाखाली १५ अंशांचं कुरण असेल आणि वर तीनशे मीटरवर ३८ अंशांची भिंत असेल, तर प्रश्न त्या भिंतीचा आहे. ती सुटली तर येणार तुमच्याच कुरणात.

आणि सह्याद्रीत वाढलेल्यांसाठी खास: नाळ, म्हणजे दोन कड्यांमधली अरुंद घळ, दिसली की आपले पाय आपोआप तिकडे वळतात. नळीची वाट चढलेला माणूस नाळेला वाटच समजतो, दोन्ही बाजूंना आधार असतो, वाट चुकत नाही. बर्फात नेमकं उलटं. नाळ म्हणजे वरच्या सगळ्या उतारांचं नरसाळं. वरून थोडाच बर्फ आला तरी नाळेत तो खोल भरतो, आणि बाजूला पळायला जागा नसते. चढायचं ते धारेवरून, सोंडेवरून, वारा खात. लांब पडलं तरी.

पायरी चौथी: चालताना बर्फाचं ऐका

पाय किती रुततो हे तुमचं सगळ्यात भरवशाचं माप आहे. ठसा उमटतोय तोवर ठीक. घोट्यापर्यंत जायला लागला की तिशीच्या वरच्या उतारावरून निघायची वेळ झाली. पोटरीच्या वर गेला तर उशीर झालेला आहे. काठीनंही कळतं: पहाटे ती ‘टक्’ वाजते. कवच फुटून खाली सरसर जायला लागली, आणि मध्येच एकदम सैल गेली, तर तो सैल थर म्हणजे ती साखर.

वरून गोळे घरंगळणं, झाडाखालून आणि कातळाच्या कडेनं बर्फ सुटणं, उन्हाकडच्या कातळांवरून पाणी निथळायला लागणं, या सगळ्या वेळ संपल्याच्या खुणा. शेजारच्या, त्याच दिशेला तोंड असलेल्या उतारावर ताजं हिमस्खलन दिसलं तर आणखी पुराव्याची वाट बघू नका. बर्फात पावलापासून काचेला जावा तसा तडा पळत गेला, किंवा पायाखाली ‘हुम्म’ असा दबका आवाज होऊन आजूबाजूचा तुकडा अर्धा बोटभर बसला, तर तो खालचा थर कोसळल्याचा आवाज असतो. सपाटीवर झाला म्हणून तुम्ही वाचलात. अशा वेळी हसून पुढे जाणारे मी पाहिलेत. त्यांच्याबरोबर पुन्हा कधी ट्रेकला गेलो नाही.

ओरडल्यानं हिमस्खलन होतं ही सिनेमातली समजूत आहे. माणसाच्या आवाजात तेवढी ताकद नसते. उलट एकमेकांना नीट मोठ्यानं हाका मारा.

पायरी पाचवी: उतार ओलांडताना

शक्य असेल तर वळसा घाला, नाहीतर उताराच्या जितकं वरून जाता येईल तितकं वरून जा. एकेक जण. बाकीचे सुरक्षित जागी थांबून त्याच्याकडेच बघणार, फोनकडे नाही. सॅकचा कमरेचा आणि छातीचा पट्टा सोडलेला, काठ्यांचे दोर मनगटातून काढलेले, जॅकेटची चेन गळ्यापर्यंत लावलेली. मध्ये थांबायचं नाही, फोटो पलीकडे पोचल्यावर. पंधरा जणांना हे करायला अर्धा-पाऊण तास लागतो आणि मागचे कुरकुरतात. कुरकुरू द्या.

गटात ‘काका, तुम्ही उगाच घाबरवताय’ म्हणणारा एक पुतण्या असतोच. त्याला गप्प करण्यापेक्षा आदल्या रात्री सगळ्यांसमोर ठरवून ठेवा की कुणीही एकानं ‘नको’ म्हटलं की फिरायचं, कारण विचारायचं नाही. उतारावर उभं राहून चर्चा होत नाही.

घड्याळ न पाळणारे धोके

आता पहाटेवर फार विसंबूही नका. ४ ऑक्टोबर २०२२ रोजी उत्तरकाशीच्या नेहरू गिर्यारोहण संस्थेचा प्रशिक्षण गट द्रौपदी का डांडा-२ वर चढत असताना सकाळीच स्लॅब सुटला. २७ जणांचे मृतदेह मिळाले, दोघांचा पत्ता लागला नाही. ती वसंताची गोष्ट नाही, पण ताज्या बर्फाचा स्लॅब घड्याळ बघत नाही हे तिथून शिकायचं. १८ एप्रिल २०१४ ला एव्हरेस्टच्या खुंबू हिमप्रपातात वरचा लटकता हिमकडा कोसळून १६ नेपाळी कामगार गेले, तेही सकाळी सातच्या आत. लटकत्या हिमकड्याखाली एकच उपाय: कमीत कमी वेळ थांबा.

कॉर्निस, म्हणजे धारेवर वाऱ्यानं तयार केलेलं बर्फाचं छज्जं. वरून ते साधं मैदान दिसतं. तुटताना ते कडेला तुटत नाही, वाटतं त्यापेक्षा बरंच आत तुटतं. खिंडीतल्या धारेवर सेल्फीसाठी कडेकडेनं जाणाऱ्यांना दंडाला धरून मागे ओढलं तरी चालेल.

बर्फाचे पूल मला हिमस्खलनापेक्षा जास्त सतावतात, कारण आपल्या ट्रेकच्या वाटांवर ते रोज लागतात. नाल्यावर बर्फ असतो, खाली पाणी त्याला पोखरत असतं. मेच्या मध्याला वरून धडधाकट दिसणारा पूल आतून वीतभर उरलेला असू शकतो. खोलगट झालेली, राखाडी पडलेली पट्टी, मध्ये आडवी भेग, आतून पाण्याचा स्पष्ट आवाज: यातलं काहीही दिसलं की दुसरी जागा शोधा. काठीनं प्रत्येक पावलाआधी ठोका. पोकळ वाजलं तर मागे. मोठ्या दगडांच्या आणि झुडपांच्या कडेलाही बर्फ आतून वितळलेला असतो, तिथे पाय कंबरेपर्यंत जातो आणि गुडघा मुरगळतो. दगडाला टेकून बसायचा मोह होतो तिथेच हे होतं.

आणि घसरगुंडी. उतरताना सगळे बसून घसरतात, मजा येते हे कबूल. पायात मायक्रोस्पाइक किंवा क्रॅम्पॉन, म्हणजे बुटाखाली बांधायचे धातूचे दात, असताना घसरू नका. एक दात अडकला की घोटा गेलाच. खाली काय आहे ते दिसत नसेल तर घसरू नका. पॉन्चो बुडाखाली घेऊ नका, वेग दुप्पट होतो आणि ब्रेक राहत नाही. दुपारी ओल्या उतारावर तर अजिबात नाही, कारण तुमच्या मागून तुमचाच सुटलेला बर्फ येतो.

तंबू कुठे लावायचा

तंबूच्या जागेवरून वरच्या उताराच्या माथ्याकडे काठी किंवा फोन रोखून कोन बघा. २५ अंशांहून जास्त आला तर तिथे रात्र काढू नका. मोठी हिमस्खलनं याहूनही सपाट कोनापर्यंत पोचतात, म्हणून खुणाही बघा: भोजपत्राची झाडं सगळी एकाच दिशेला वाकलेली, देवदारांच्या चढाकडच्या फांद्या मोडलेल्या, जंगलात मध्येच उभी मोकळी पट्टी, मातकट बर्फाचा ढीग. २८ फेब्रुवारी २०२५ ला बद्रीनाथजवळच्या माणा इथे मुसळधार हिमवर्षावात सीमा रस्ते संघटनेच्या कामगारांच्या छावणीवर हिमस्खलन आलं. ५४ जण अडकले, ४६ वाचले, आठ गेले. तिथे राहायला लोखंडी कंटेनर होते. आपल्याकडे नायलॉनचा तंबू असतो.

सापडलंच कुणी तर

तुम्ही सापडलात तर ओरडा, काठ्या फेका, बाजूला पळायचा प्रयत्न करा. पडलात तर जितकं वर राहता येईल तितकं हातपाय मारा. वेग कमी व्हायला लागला की एक हात तोंडासमोर आणा आणि श्वासापुरती पोकळी करा. थांबल्यावर ओला बर्फ सिमेंटसारखा बसतो, मग बोटही हलत नाही.

वर राहिलेल्यांसाठी: पहिल्या दहा-पंधरा मिनिटांत बाहेर काढलेल्या दहांतले साधारण नऊ जगतात. अर्धा तास ओलांडला की तिघांतला जेमतेम एक. बचावपथक यायला तास लागतात. म्हणजे बचावपथक तुम्हीच. कुणाला पळत खाली पाठवण्याआधी हे करा:

१. वरून आणखी काही येत नाही ना, बघा. एकाला पहाऱ्याला ठेवा.
२. माणूस शेवटचा जिथे दिसला तिथे काठी रोवा. शोध त्या जागेच्या खालीच घ्यायचा.
३. वर आलेला हातमोजा, सॅक, काठी, सगळं ओढून बघा. खाली माणूस असू शकतो.
४. वळणावर, खोलगट जागी, दगडाच्या वरच्या अंगाला प्रोब घाला. प्रोब लागला की तो तिथेच ठेवा, काढू नका.
५. प्रोबच्या डोक्यावरून खणू नका. जितका खोल लागला त्याच्या दीडपट अंतर उताराकडे उतरून तिथून आडवं आत खणा. बर्फ वर उचलायचा नाही, मागे ढकलायचा. ओल्या हिमस्खलनाच्या एका घनमीटरचं वजन अर्धा टन होतं. ताटल्या आणि हातांनी ते होत नाही, म्हणून फावडं.
६. आधी तोंड-नाक मोकळं करा, छाती मोकळी करा. श्वास नसेल तर खणणं चालू असतानाच तोंडानं श्वास द्या, मग छाती दाबणं.

बीकनबद्दल: ४५७ किलोहर्ट्झवर एकमेकांना शोधणारी ही यंत्रं उत्तम, पण सगळ्यांकडे असली आणि सगळ्यांनी सराव केलेला असला तरच. एकट्यानं बांधून गेलात तर ते फक्त महाग लॉकेट आहे. आपल्या बहुतेक गटांकडे बीकन नसतात, म्हणून दर पाच जणांमागे एक धातूचं फावडं आणि गटात दोन प्रोब, एवढं तरी ठेवा. प्लास्टिकचं फावडं गोठलेल्या बर्फावर तुटतं.

ट्रेक न करणाऱ्यांसाठी

घरातल्या ज्येष्ठांनाही यातलं थोडं लागतं. केदारनाथच्या पायवाटेवर भैरव आणि कुबेर गधेऱ्यांपाशी (गधेरा म्हणजे डोंगरातला ओढा) मेमध्ये दोन्ही बाजूंना बर्फाच्या भिंती कापून वाट काढलेली असते. तिथले लोक या साठलेल्या ढिगांनाच ‘ग्लेशियर’ म्हणतात. तो वरच्या नाळेतून आलेला बर्फ असतो, आणि त्या नाळेत आणखी असतो. ४ एप्रिल २०२३ ला सिक्कीममध्ये नाथू ला रस्त्यावर दुपारच्या सुमारास बर्फ खाली आला आणि सात पर्यटक दगावले. परवानगी तेराव्या मैलापर्यंतची होती, माणसं पंधराव्या मैलापाशी बर्फात उतरली होती.

तेव्हा आई-बाबांना एवढं सांगून पाठवा: अशा भिंतींमधून जाताना बसायचं नाही, घोडा थांबवायचा नाही, बर्फाला हात लावून फोटो काढायचा असेल तर गधेरा ओलांडून पुढच्या वळणावर काढायचा. तिथेही बर्फ असतोच. आणि पोलिसांनी दुपारी वाट बंद केली तर त्यांच्याशी हुज्जत घालायची नाही, मुक्काम करायचा आणि सकाळी पहिल्या खेपेला निघायचं.